तुमच्या तोंडावरचा माझा हात

दाजी,

तुम्हाला मातीआड करून आज एकोणीस दिवस झाले. आपल्या मंडळीच्या मासिकाच्या संपादकांचं काल कार्ड आलं. तुमच्यासाठी त्यांनी दोन पानं राखून ठेवली आहेत. जन्म कुठला, बाप्तिस्मा केव्हा झाला, दुखण्यात धीर कसा राखला आणि शेवटचे शब्द काय होते, एवढं कळवा, असं लिहिलंय. मजकूर बोधपर असावा, या वाक्याखाली त्यांनी रेघ मारली आहे.

असे लेख मी आजवर पंधरावीस तरी पाडले असतील. सोलापुरात ख्रिस्ती माणूस गेला की पेटीसाठी सुताराकडं आणि लेखासाठी माझ्याकडं माणूस धावतो, आणि दोघांचंही माप ठरलेलं. तुम्हीच एकदा माझा एक लेख मांडीवर घेऊन, बोटानं ओळ धरत वाचला होतात आणि म्हणाला होतात, "पाव्हणं, तुमच्या मासिकातला माणूस खोकतोय बी देवाचं नाव घेऊन. आमच्या माळावर माणूस नुसता खोकतोय." मी चिडलो होतो. अक्का चुलीपाशी बसून तोंडाला पदर लावून हसत होती.

तर तुमच्यावर तसला लेख मी लिहीत नाही. मला तुमच्याशी बोलायचं आहे. नऊ वर्षं एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. अक्काच्या मातीला तुम्ही रडायला तोंड उघडलंत आणि मी त्यावर हात ठेवला. तो हात चुकला, दाजी. एवढंच वाक्य होतं. नऊ वर्षं आपण एका गल्लीत राहिलो, दर रविवारी एका बाकावर बसलो, आणि दर आठवड्याला दोन उपदेश करणाऱ्या माणसाला हे वाक्य जमलं नाही.

आता तुम्हाला ऐकू येतं की नाही, हे शास्त्रावरून नक्की सांगता येत नाही. मी शोधून पाहिलं.

आपली पहिली गाठ तुम्हाला आठवत असेल. आठवड्याच्या बाजारात मी चित्राची गुंडाळी लिंबाला टांगून बोलत होतो. शंभर मेंढरं, त्यातलं एक हरवलं, मेंढपाळ नव्याण्णव रानात सोडून त्या एकामागं गेला. आवाज माझा चांगला लागला होता. पुढं मंगळवेढ्याकडचा एक उंच मेंढका, खांद्यावर घोंगडं, हातात काठी, तोंड अर्धं उघडं ठेवून ऐकत होता. मला वाटलं, लागला गळाला.

"मास्तर," तुम्ही विचारलंत, "नव्याण्णव कुणापाशी सोडली?"

"रानात सोडली."

"राखाया कोण?"

"कुणी नाही. त्या एकावर त्याची माया एवढी..."

"मग त्यो मेंढका न्हाय. त्यो तुमच्यासारका शिकल्याला असंल." आणि बाजाराकडं तोंड करून, "आरं, लांडगं काय उपास धरून बसल्यात व्हय?"

सगळा बाजार हसला. माझी गुंडाळी मी त्या दिवशी उलटी गुंडाळली. घरी येऊन उघडली तर मेंढपाळ खाली डोकं वर पाय. अक्काला सांगितलं तर ती हसून हसून भिंतीला टेकली. पुढल्या आठवड्याला तुम्ही पुन्हा हजर. मी दुसरी गोष्ट काढणार, तेवढ्यात तुम्हीच म्हणालात, "ती मेंढराची सांगा. खांद्यावर घेतल्याली."

"ती का?"

"आठ दिस डोक्यात हाय. हरवल्यालं मेंढरू दमलं की चालत न्हाय, मास्तर. बसतंय. मारा, वडा, उटत न्हाय. त्याला उचलावंच लागतंय. हे घरात बसून कुणाला ठावं नसतंय. सांगणारा मेंढरं राकल्याला हाय."

मी दहा वर्षं ती गोष्ट सांगत होतो. पोथीवरच्या पोथ्या वाचल्या होत्या. हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, खांद्यावर घेतलं ते कौतुकानं.

मिशनच्या साहेबांना पाठवायच्या अहवालात मी लिहिलं की बाजारातल्या प्रवचनाचा परिणाम होऊन एका मेंढपाळाला सत्याचा प्रकाश दिसला. खरं म्हणजे प्रकाश मला दिसला होता, आणि तुम्ही दर आठवड्याला बाजारावरून घरी यायला लागलात त्यात माझ्या प्रवचनाचा वाटा किती आणि दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या असलेल्या अक्काचा किती, याची वाटणी मी कधी केली नाही. अक्का मुलींच्या शाळेत शिकवायची. दुष्काळात आईबाप गेल्यावर मला कडेवर घेऊन ती मिशनच्या फाटकाशी आली, तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि मी दोन. माझं लग्न तिनं लावलं, माझी बायको गेली तेव्हा माझी भाकरी तिनंच थापली. स्वतःच्या लग्नाचं तिच्या डोक्यातच नव्हतं. ते तुम्ही आणलंत.

तुम्ही बाप्तिस्मा घेऊन अक्काशी लग्न केलंत तेव्हा तुमच्या भावांनी मेंढरं काढून घेतली आणि सांगितलं, तू आमाला मेलास. तुम्ही सोलापुरात येऊन घोंगड्यांचा माग टाकलात. आईला मात्र तुम्ही मेला नव्हतात. दर कातरणीला ती भावांना चोरून लोकरीचं एक गाठोडं कुणाच्या तरी गाडीतून धाडायची. गाठोडं आलं की तुम्ही आधी त्यात तोंड खुपसायचात. अक्का म्हणायची, "बघा, आईच्या कुशीत शिरले." तुमच्या नाकाला तासभर लोकर चिकटलेली असायची.

हे मला ठाऊक होतं, दाजी. गाठोड्याची गोष्ट मला ठाऊक होती, आणि तरी मी ते केलं.

माझा धंदा तेव्हा जोरात होता. मी वैद्य झालो होतो म्हणा ना. माझ्यापाशी एक वही होती. भीती, राग, मत्सर, शोक, निद्रानाश, सगळ्यांची पानं पाडलेली, आणि एकेका पानावर त्या त्या विकारावरची वचनं. माणूस तोंड पाडून समोर आला की मी मनात पान उलटायचो आणि पुडी बांधून द्यायचो. भ्यायलास म्हणजे विश्वास कमी. रागावलास म्हणजे पाप. रडलास म्हणजे देवाच्या इच्छेविरुद्ध कुरकुर. शिष्यपण म्हणजे मनाला लगाम, आणि लगाम माझ्या हातात. गिरणीतल्या एका जॉबरची दाढ ठणकत होती तर मी त्याला धीर धरण्याबद्दलचं वचन ऐकवलं. तो गाल दाबून म्हणाला, "मास्तर, दाढ माझी हाय आन् धीर तुमचा."

आणि ते पाय धुण्याचं. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले तसे आपण एकमेकांचे धुवावेत, असं मी पेटून उठून जाहीर केलं आणि रविवारी पितळी घंगाळ घेऊन मंडळीपुढं गेलो. पहिला नंबर हेडमास्तरांचा लावला. ते शनिवारीच पाय घासून आले होते, हे मला पक्कं ठाऊक होतं. तुम्ही मागच्या बाकावर बसला होतात, मागाच्या खड्ड्यातल्या मातीनं भेगाळलेल्या टाचा घेऊन. बाहेर पडताना म्हणालात, "झकास झालं, पाव्हणं. धुतल्यालं पाय धुतलंत."

हे सगळं मी आज हसत लिहितोय, कारण पुढचं लिहायचं टाळतोय.

अक्का तापानं पाचव्या दिवशी गेली. तुमच्या गावाकडं निरोप गेला आणि कुणाला वाटलं नव्हतं ते झालं: तुमची आई आली. बाप्तिस्म्यानंतर पहिल्यांदा. भावांना न विचारता, भीमा ओलांडून, अनवाणी. आपण कबरस्तानात पोचलो होतो, पेटी खाली ठेवली होती. म्हातारी फाटकातून आत आली ती थेट गळा काढत. तुमच्याकडं बायका मेलेल्याला नाव घेऊन हाका मारतात, त्याच्या गुणांची ओळ धरून रडतात. तिनं माझ्या अक्काला हाक मारली. "माझ्या ल्योकाला भाकर घालणारे बाय, कुटं निघालीस गं!" जिचं तोंड तिनं जन्मात पाहिलं नव्हतं, तिला तिनं बाय म्हटलं. तुम्ही आईकडं वळलात आणि तुमचं तोंड उघडलं.

त्या वेळी मंडळीत एक नियम होता, आणि तो माझा होता. ख्रिस्ती मातीला कुणी गळा काढायचा नाही, ऊर बडवायचा नाही; गीतं म्हणायची. प्रेषित पौलानं पत्रात लिहिलंय की ज्यांना आशा नाही अशा इतरांसारखा खेद तुम्ही करू नका, त्यावरून मी तो बसवला होता. तीन वर्षं झगडून बसवला होता. त्या दिवशी तिथं साहेब होते, खेड्यापाड्यांतली मंडळी होती, आणि कुंपणाच्या भिंतीवर हाताची कोपरं टेकून गल्लीतले लोक बघत होते की ही ख्रिस्ती माणसं मरतात कशी. साक्ष द्यायची वेळ होती. उपदेशकाची सख्खी बहीण!

मी पुढं झालो आणि तुमच्या तोंडावर हात ठेवला. चांगला दाबून ठेवला. तुमचा आवाज माझ्या तळव्यात आला, गरम, आणि तिथंच राहिला. दुसऱ्या हातानं मी म्हातारीला थोपवलं. मी तिला काय म्हणालो ते मला शब्दाशब्दानं आठवतं: "आजी, आमच्यात असं रडत नाहीत. रडायचं असेल तर बाहेर."

ती गप झाली. एकदम. माझ्याकडं नाही, तुमच्याकडं बघितलं तिनं. तुम्ही माझा हात झटकाल असं तिला वाटलं असावं. तुम्ही माझ्यापेक्षा वीतभर उंच. दोन मेंढरं दोन बगलांत धरून ओढा ओलांडणारा माणूस. पण तुम्ही नव्यानं शिष्य झाला होतात आणि शिष्यानं काय करायचं हे तुम्हाला मी शिकवलं होतं. तुम्ही हात खाली सोडलेत.

"ज्या देवाच्या दारात माणसाला रडू देत न्हाईत," म्हातारी म्हणाली, "तितं माझा ल्योक कसा ऱ्हायल?" आणि गेली. फाटकातून बाहेर, आली तशी.

मातीनंतर साहेबांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, आज मोठा विजय झाला. मी घरी जाऊन भाकरी खाल्ली, दाजी. दोन खाल्ल्या.

लोकरीचं गाठोडं पुन्हा कधी आलं नाही. तुम्ही बाजारातून लोकर आणायला लागलात. तीत तोंड खुपसताना तुम्हाला कुणी पाहिलं नाही.

तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत, आणि रडलाही नाहीत. रविवारच्या भजनात तुमचा आवाज माळावरून येतो तसा मागच्या बाकावरून यायचा, तो मात्र बंद झाला. ओठ हलायचे. मी उपदेशात तुमचा दाखला द्यायचो, नाव न घेता. 'आपल्यातला एक साधा भाऊ, पण शोकात कसा स्थिर!' साऱ्यांच्या माना तुमच्याकडं वळायच्या. तुम्ही खाली बघायचात.

दीड वर्षानं तुम्ही माझ्या ओसरीवर आलात. काखेत पुस्तक. एव्हाना तुम्ही जोडाक्षरं अडखळत का होईना काढत होतात, आणि शुभवर्तमान पहिल्या पानापासून, एकही ओळ न गाळता, वाचत निघाला होतात. प्रभूनं मेलेला उठवला त्या लाजराच्या कबरेपाशी पोचला होतात. बोट ओळीवरून न उचलता पुस्तक माझ्यापुढं धरलंत.

"पाव्हणं, हितं प्रभू रडला म्हणून लिवलंय."

"हो."

"लोकांच्या देकत?"

"हो."

"घडीभरानं त्याला उटवणार हाय ते ठावं असून?"

आता बघा. तिथं मला वाक्य सापडायला हवं होतं. देवानं ओसरीवर आणून दिलं होतं. मी काय केलं? मी म्हणालो, "दाजी, शास्त्रावर टीका लिहिणाऱ्यांचं म्हणणं असं की प्रभू लाजरासाठी नव्हे, लोकांच्या अविश्वासामुळं रडला."

"तसं हितं लिवलंय व्हय?"

"टीकेत लिहिलंय."

तुम्ही पुढची पानं उलटवून पौलाची ती माझी ओळ काढलीत. ती तुम्ही शोधून ठेवली होती. "आन् हितं 'रडू नका' न्हाय म्हणलं. 'इतरांवानी रडू नका' म्हणलंय. म्हंजी आपलं कायतरी एगळं रडं असंल की. ते कसं असतंय, तेवडं दावा मला. तुमी शिकल्यालं हाव."

विनोद नव्हता त्यात. टोमणाही नव्हता. तुम्ही मला खरोखर विचारत होतात, पाटीवरचं अक्षर विचारावं तसं. मी म्हणालो, पुढल्या आठवड्यात बघू. तुम्ही "बरं" म्हणालात.

त्याच पौलानं रडणाऱ्यांबरोबर रडा असं सरळ सांगितलंय, हे मला त्या दिवशी सुचलं नाही असं मी पुष्कळदा स्वतःला सांगून पाहिलं. सुचलं होतं. माझ्या वहीतल्या कुठल्याच पानावर ते बसत नव्हतं. ते वचन पुडी बांधून दुसऱ्याला देता येत नाही. ते द्यायचं तर आपल्याला खाली बसावं लागतं. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र आधी सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, आणि मग बोलून त्यांनी घाण केली. मी आठव्या दिवशी उगवणारा मित्र.

आणि आणखी एक आहे, ते मी आजवर प्रार्थनेतही म्हटलेलं नाही. साक्ष, साहेब, भिंतीवरचे लोक, हे सगळं होतं. पण हात ठेवायचं कारण ते नव्हतं. तुमचं तोंड उघडलं तेव्हा मला कळलं होतं की आता तुमचा आवाज फुटला तर माझाही फुटणार, आणि एकदा फुटला की मी त्या पेटीवर पडेन आणि दोन वर्षांच्या पोरासारखा तिला सोडणार नाही. मी भ्यालो. मला माझं तोंड दाबायचं होतं. जवळ तुमचं होतं.

पुढल्या आठवड्यात बघू म्हणालो, त्याला साडेसात वर्षं झाली.

यंदा तुमच्या छातीत कफ भरला तेव्हा मी ठरवलं की आता बोलायचंच. येताना वाटेत, तळ्याच्या कडेनं, मी तयारी केली. हसू नका, मी तीन मुद्दे काढले होते. पहिला हात, दुसरी आई, तिसरा लाजर. शेवटी समारोप.

दुपार होती. गिरणीची पहिली पाळी सुटल्याचा भोंगा नुकताच झाला होता. तुम्ही मागाशेजारी बाजेवर होतात आणि शेजारची नरसम्मा, ती तेलंगी विणकरीण, तुमच्या घशात चमच्यानं पाणी सोडत होती. मला पाहून ती उठली आणि दाराबाहेर जाऊन बसली. मी बाजेपाशी बसलो, आणि माझ्या हातांनी, मला न विचारता, पुस्तक काढलं, आजाऱ्यासाठीचं पान उघडलं, आणि माझ्या तोंडानं आपला नेहमीचा आवाज लावला.

"पाव्हणं," तुम्ही म्हणालात, "पुस्तक मिटा की. नुसतं बसा."

मी मिटलं. बसलो. तुम्ही माझ्याकडं बघत होतात. वाट बघत होतात, हे मला आता कळतं. तेव्हाही कळत होतं. एकही मुद्दा आठवेना. मी वर बघितलं, कारण तुमच्याकडं बघवेना, आणि म्हणालो, "दाजी, आढ्याजवळची दोन कौलं सरकलीत. पावसाआधी बघायला हवीत."

तुम्ही डोळे मिटलेत. म्हणालात, "व्हय. बघा."

संपादकसाहेब शेवटचे शब्द विचारतात ते हे.

मी काय केलं असेल? मी बघितली. बाहेर जाऊन नरसम्माच्या घरची शिडी आणली आणि चढलो. पक्षघाती मित्राला प्रभूपुढं सोडायला छप्पर उसकटणारे ते चौघे, त्यांच्यावर मी सहा वेळा उपदेश केलाय. खाली तुमचा जीव जात होता तेव्हा मी वर छप्पर बुजवत होतो. नरसम्मानं खालून हाक मारली, "मास्तर, खाली या वो." हातातलं कौल नीट बसवूनच मी उतरलो. काम अर्धं टाकायची मला सवय नाही.

तुमची माती फार व्यवस्थित झाली. सगळी मंडळी आली होती आणि कुणी हुंदकासुद्धा दिला नाही. माझ्या हाताखाली तयार झालेली माणसं ती. गीतं चार कडव्यांपर्यंत म्हटली गेली. नरसम्माला मी बोलावलं होतं, पण ती फाटकाच्या आत आली नाही. तिला नियम ठाऊक होता. ती बाहेर रस्त्यावर, भिंतीला पाठ लावून, तेलुगूत तुम्हाला हाका मारत रडत होती, आणि गीतांच्या मधल्या जागांत ते ऐकू येत होतं. साहेब आता नवे आहेत. त्यांनी विचारलं, त्या बाईला कुणी गप्प करील का? सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी होतो तिथंच उभा राहिलो. तिला गप केलं नाही, एवढं एक सांगता येईल. पण बाहेर तिच्यापाशी जाऊनही बसलो नाही.

परवा मी तुमच्या आईकडं गेलो. तुम्ही गेल्याचा निरोप भावांकडं धाडला होता, त्यांनी तो तिला दिला की नाही कळेना. सर्व्हिस मोटारीनं निम्मी वाट, मग पायी. पडीक रानात मेंढरं बसवली होती आणि ती जाळीबाहेर दगडावर बसली होती. इतकी वाळलेली की मी आधी दुसऱ्याच म्हातारीला नमस्कार घातला. तिनं मला ओळखलं. निरोप तिला मिळाला होता.

"कोन रडलं का त्याच्यासाटी?" तिनं विचारलं.

"एक शेजारीण रडली. तेलंगी आहे."

"आन् तुमच्यातलं?"

"कुणी नाही."

तिनं मान हलवली, जणू भाव ठाऊकच होता. मग म्हणाली, "आता कशापायी आलाव?"

दाजी, तिथं एकदाचं ते वाक्य माझ्या तोंडून निघालं. मुद्दे नाहीत, समारोप नाही. "आई, मी त्याच्या तोंडावर हात ठेवला तो चुकला. तुम्हाला बाहेर काढलं ते चुकलं. मी तुमच्यापाशी रडायला आलोय."

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. राग असता तर माझ्यापाशी त्याचं पान होतं.

"हितं न्हाय," ती म्हणाली. "माझ्या ल्योकाचं त्वांड जितं दाबलंत, तितं जाऊन रडा."

आणि काठी टेकून उठली, मेंढरांकडं वळली. मी थांबलो थोडा. ती वळून बघेना. मी निघालो. दोन रानं ओलांडली, बांध चढून पलीकडं उतरलो, तिला मी दिसेनासा झालो असेन, आणि मग मागून तिचा आवाज सुरू झाला. तुमचं नाव घेऊन. बाळपणीचं नाव असावं. मला ते माहीत नव्हतं. मी जाईपर्यंत ती थांबली होती.

आज सकाळी मी कबरस्तानात गेलो. ऊन नुकतं भिंतीवर आलं होतं. अक्काच्या शेजारी तुमची माती अजून ताजी दिसते, खचायची आहे. भिंतीवर कुणी नव्हतं. साहेब नव्हते. मंडळी नव्हती. मी टोपी काढली, गुडघे टेकले. तुम्हाला हाक मारायची होती, अक्काला मारायची होती. मला कडेवर घेऊन ती आली होती ते मिशनचं फाटक तिथून दिसतं. मी तोंड उघडलं.

वचन बाहेर पडलं. स्वच्छ, खणखणीत, अध्याय आणि ओळीसकट. पाठोपाठ दुसरं. मी थांबवू गेलो तर तिसरं. तुमच्या मातीपुढं, डोळे कोरडे ठणठणीत, मी चांगली घटकाभर उपदेश करून आलो, दाजी.